विहीणबाईंची बरणी

रत्नागिरी स्टँडवर देवरूख गाडीची वाट पाहत माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सासूच्या मांडीवर मिठातल्या कैरीची बरणी होती.

“राजश्री, काल कोरड्या फोडी भरलेल्या मी. आज अर्धी बरणी पाणी! तू घातलंस?”

“थेंबभरसुद्धा नाही, आई. फोडींच्या पेशींतलं पाणी मिठानं बाहेर ओढलं. फोडी सुरकुतल्यात बघा.”

“आणि विहीणबाई म्हणतील, हिनं पाणी घालून बरणी भरली!”

“माझी आई नाही हो तसं म्हणायची. शाळेत शिकवतात हे. जिकडे खारट जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं.”

“नेहमी?”

“नेहमी.”

“तरीच माझा ऋत्विक दर रविवारी तुझ्या माहेरी पळतो!”