बाईंच्या हातावर मीठ

मान्यवर अध्यक्ष दाजीसाहेब, मंचावर हार सांभाळत बसलेली पाहुणे मंडळी, हायस्कुलातले सगळे मास्तर, आणि मागे दाराशी उभ्या राहिलेल्या माझ्या मिठागरातल्या बायांनो, तुम्हा सगळ्यांना या गुणाबाईचा नमस्कार. मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि माझी नात गोदू उतरून घेते. त्यात कुठे फार शहाणपण आढळलं तर ते तिचं समजावं.

आपल्या चंद्रावतीबाई उद्या पुण्याला निघाल्या. त्यांनी पनवेलच्या पोरांना इंग्रजी किती शिकवलं ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच, काहींनी तर परत परत सांगितलं. मी शाळेतली नव्हे, मी त्यांची घरमालकीण. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढल्या साली बाई एक ट्रंक आणि एक स्टोव्ह घेऊन आमच्या पडवीलगतच्या खोलीत राहायला आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, गुणाबाई, तुम्हाला लिहायला शिकवते. मी म्हटलं, दिवसभर हात मिठात असतात, त्यांत पाटी कुठे धरू? त्यापेक्षा एकेक शब्द सांगा. तो कुठून आला, वाटेत कुणाकडे राहिला. झालं. रोज दिवेलागणीला मी त्यांच्या खोलीत. शब्दही माणसांसारखे गाव बदलतात, हे मला तिथे कळलं.

पण आमच्या मालकांचं काय? त्यांना भाकरी वेळेवर मिळत होती, तरी म्हणे ती गार लागायची. खोलीच्या खिडकीला लाकडी पट्ट्यांच्या झडपा आहेत. तिच्याबाहेर ते बिडी ओढत बसायचे. बिडी विझायची, मालक उठायचे नाहीत. एकदा मला म्हणाले, बाईंना दुसरीकडे खोली बघायला सांग. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. आता बाईंचा काही दोष असेल तर सांगणार ना?

मग त्यांनी काय केलं असेल? आम्ही मिठावर जगणारी माणसं. मीठ वाटीत द्यावं नाहीतर खाली ठेवावं. हातावर दिलं की देणाऱ्याघेणाऱ्याचं भांडण ठरलेलं, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही माहीत. आणि या जाणत्या माणसाने मूठभर मीठ उचललं आणि बाईंच्या तळहातावर ठेवलं! मग बसले भांडणाची वाट बघत. बाई पुण्याच्या, त्यांना काय ठाऊक. दुसऱ्या दिवशी म्हणतात कशा, मालक, तुमच्या मिठाने आमटीला काय चव आली. मालकांचं तोंड त्या दिवशी बघण्यासारखं होतं.

शेवटी त्यांनी मला सरळच सांगितलं, अमावास्येपर्यंत खोली रिकामी झाली पाहिजे. मंडळी, दिवसातला तेवढाच वेळ माझा स्वतःचा होता. तो गेला की पुन्हा मीठ आणि चूल.

त्या संध्याकाळी मी बाईंना मुद्दाम जरा मोठ्याने विचारलं, आपलं माणूस दुसऱ्याजवळ बसलं की पोटात जे होतं, त्याला इंग्रज काय म्हणतात? बाई म्हणाल्या, जेलसी. शब्द मूळचा ग्रीकांचा. त्यांच्याकडे त्याचा अर्थ ओढ, ईर्षा, मनाची धग. काही पंडित त्याचं नातं उकळण्याशी लावतात. मन लावून, हिरिरीने काम करण्याचा इंग्रजी शब्दही त्याच घरातला. मग तो फ्रान्सात राहून इंग्रजांकडे आला. आणि फ्रेंच लोक तर झडपांच्या खिडकीलाही तेच नाव देतात, कारण तिच्यातून बाहेरच्याला आतलं दिसत नाही, आणि आतला मात्र बाहेर नजर ठेवतो.

मी म्हटलं, बाई, आमच्याकडे खिडकी तीच, पण नजर ठेवणारा बाहेर बसतो.

पलीकडे खोकल्याची उबळ आली. मग दार लोटून मालक आत आले, ट्रंकेवर बसले आणि म्हणाले, “बाय, त्या उकळीचं पुढचं सांगा. भायेरून नीट आयकू येत नाय.”

अमावास्या आली आणि गेली. खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या दिवसापासून ट्रंक मालकांची झाली. शब्द संपला तरी उठायचे नाहीत, आणि मला उलट भाकरी करायला पिटाळायचे. गेल्या पावसाळ्यात ते गेले, तोवर हे चाललं. उद्यापासून त्या झडपांच्या आत कुणी नाही, आणि बाहेरही कुणी नाही.

असो. मला इथे उभं केलंत, ऐकून घेतलंत, तुमचे उपकार मानते. नवऱ्याची चेष्टा भर सभेत केली. ज्यांना खटकलं त्यांनी म्हातारी समजून पोटात घालावं. ते आज असते तर तेही हसले असते.

हार सगळ्यांनी आणले, मी आमच्या आगरातलं मीठ आणलंय. आमच्या आगरातली चिंगी वाटी पुढे करतेय. वाटी नको गं, ठेव ती. आज मी बाईंच्या हातावरच देणार. आमचं भांडण होऊ दे, चांगलं कडाक्याचं होऊ दे. भांडायला तरी त्यांना पनवेलला यावं लागेल.

बाई, हात पुढे करा.