खालांनी लाईन सोडली नाही

अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड होते, हे तुम्हाला माहीतच आहे. पण आमच्या शेजारच्या हसीनाखालांचं ऐका.

त्यांच्या लेकीने कुवेतहून फोन पाठवला, कुठल्याही कंपनीचं सिम चालणारा. आधी घातलेल्या सिमची रेंज आमच्या वाडीत येईना, म्हणून मी त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं. कॉल लागायला लागले, नेट मात्र बंद. आणि त्याच दुपारी लेक व्हिडिओ कॉलवर नवा नातू दाखवणार होती, पहिल्यांदाच.

मी माझ्या फोनवरून कस्टमर केअरला कॉल लावला, स्पीकर चालू केला आणि फोन खालांच्या हातात दिला.

खालांचं सगळं ऐकून पलीकडची मुलगी म्हणाली, "सेटिंगमध्ये जुन्या कंपनीचं नाव राहिलंय. ते बदला, फोन बंद करून चालू करा. नाही झालं तर परत कॉल करा."

"परत केलंय तर तूच उचलतलंस?"

"नाही मॅडम, दुसरं कोणीतरी."

"मगे रव गो बाय. दुसऱ्याक पयल्यापासून खंय सांगत बसू? जेवलंस काय तू?"

"अजून नाही," ती हसली. आणि खरंच थांबली.

खाला तिला नातवाचं सांगत राहिल्या, मी सेटिंग बदललं. फोन चालू झाला, नेट आलं आणि कुवेतचा कॉल वाजला. नातू दिसताच खालांना रडूच फुटलं.

मी माझा फोन उचलून कसंबसं म्हटलं, "झालं मॅडम. थँक यू."

"ते राहू दे," ती म्हणाली, "बाळ कोणासारखं दिसतं ते विचारा ना त्यांना!"