दुसऱ्याच्या नावाला हजर

आहे म्हटलं का मी? — म्हटलं, म्हटलं, तुम्ही बरोबरच ऐकलंत पंढरीभाऊ. तुम्ही नेहमीसारखी दारातून हाक दिलीत, 'गिरजाबाई मारोती खिल्लारे', आणि माझ्या तोंडून निघून गेलं, आहे. ते अंगठ्याचं मशीन पिशवीत ठेवा आता. ठेवा हो. आई नाही. गेली. आज सोळा दिवस झाले — रविवारी पुण्यानुमोदन केलं, घणसोली गावातली जुनी माणसं सगळी आली होती, आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो तिथली. तुमच्यापर्यंत कसं पोचलं नाही काय माहीत. आजारी? छे, काही नाही. सकाळी चहा मागितला, मी कप घेऊन येईपर्यंत — जाऊ दे. बसा तुम्ही. चार वर्षं दर नोव्हेंबरला तिच्या हयातीच्या दाखल्यासाठी याच खुर्चीत बसलात, तिनं कधी चहाशिवाय सोडलं तुम्हाला? मग मी बरी सोडीन.

तो अंगठा आठवतो ना तुम्हाला? दगडमाती उपसून उपसून पार गुळगुळीत झालेला, मशीन घ्यायचंच नाही. पाच वेळा, सहा वेळा — लाल दिवा. तुम्ही रुमालानं पुसताय, मी ओलं फडकं आणतेय, आणि ती आपली हसतेय — 'पंढरी, तुझ्या डबड्याला म्हणावं, मी हाय की हितं, मेले न्हाई अजून!' शेवटी करंगळीवर काम व्हायचं. नाही, नाही, तुम्ही डोळे पुसू नका, तुम्ही पुसलेत की माझं अवघड होईल. काढा ती यादी. तेच करायचंय ना आता? नावापुढे शेरा लिहायचा, 'मयत', आणि खाली घरच्यांची सही. मला काय शिकवता, तेहतीस वर्षं ट्रेझरीत गेली माझी, असा शेरा किती हजार वेळा मारला असेल मी. आणि हा बघा मृत्यूचा दाखला. चार दिवसांत मिळाला. हा फक्त ट्रेझरीत नेऊन द्यायचा. रोज पर्समध्ये घालते, संध्याकाळी काढून परत टेबलावर ठेवते. — पैशासाठी नाही हो. तुम्हाला तसं वाटलं असेल तर तुमची चूक नाही, मलाही वाटलंच होतं ना, त्या लोकांविषयी.

कुठले लोक? आईनं सांगितलं असेल की तुम्हाला, माझी संघमित्रा परदेशात सरकार दुरुस्त करून आली म्हणून, ती सगळ्यांना सांगायची. देशाचं नाव सांगून काय करू, इथं कुणाला ठाऊकही नसतो तो. बावीस वर्षं आपसात लढले आणि एक दिवस थांबले. थांबले म्हणजे बंदुका थांबल्या, बाकी सगळं तसंच. ट्रेझरीची इमारत जळालेली, कागद नाही, पुस्तक नाही. बजेट म्हणजे काय, तर मंत्रीसाहेब मागच्या वर्षीच्या आकड्यात अंदाजानं थोडं मिळवायचे, झालं बजेट! शिक्षक किती, नर्सा किती, शिपाई किती — कुणाला पत्ता नाही. मग मदत देणारे देश म्हणाले, आधी माणसं मोजा, पैसे मग. म्हणून चार ठिकाणची ट्रेझरीची माणसं तिकडे नेली, त्यात मी. मीच का? कारण इकडे मी एकतीस बोगस पेन्शनी पकडल्या होत्या — मेलेल्या माणसांच्या नावावर चाललेल्या. पेपरात फोटो आला होता माझा, आईनं तो कापून पिठाच्या डब्याच्या झाकणाला चिकटवलेला. फार ताठा होता मला त्याचा, खोटं कशाला बोलू.

तिथं पगाराचा दिवस कसा असायचा सांगते. बँक नाही, काही नाही. पत्र्याच्या पेटीतून रोकड यायची, शाळेच्या पटांगणात सगळे जमायचे, हेडक्लार्क बाई नावं वाचायची, ज्याचं नाव त्यानं हजर म्हणायचं आणि पैसे घेऊन जायचं. मी पहिल्यांदा बसले तेव्हा दोनशे बारा नावं होती. ऐकता ऐकता माझे कान टवकारले — नाव पुरुषाचं, हजर म्हणतेय बाई. नाव एकाचं, आवाज शेजाऱ्याचा. एकसष्ट नावं अशी भरली! मी त्या हेडक्लार्क बाईला विचारलं, हे लोक कुठे आहेत? ती म्हणाली, आहेत. अगं पण कुठे? तर म्हणे, इथं नाहीत, पण आहेत. तिला सगळे मामा म्हणायचे — त्यांच्यात मामा म्हणजे आई, मोठ्या बाईला मानानं तसंच म्हणतात. तिचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकंच, म्हणून तर आमचं जमलं. दुपारचा डबा एकत्र खायचो. तिनंच समजावलं मग, की लढाईत गेलेल्यांच्या, नेलेल्यांच्या नावाला घरचं कुणीतरी किंवा सोबतचं कुणीतरी ओ देतं, पगार त्या घरी जातो, बावीस वर्षांची रीत आहे ही. आणि तिचा स्वतःचा मुलगा — पाण्याच्या खात्यात होता, मीटर वाचायचा — त्याला एका सकाळी ट्रकमध्ये घालून नेलं, पुढे काही कळलंच नाही. तर यादी वाचता वाचता त्याचं नाव आलं की ती ते वाचायची, कागद खाली करायची, निराळ्या आवाजात स्वतःच म्हणायची, हजर. की पुढचं नाव. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा — पंढरीभाऊ, हे मी कुणाला सांगितलेलं नाही — तेव्हा मला हसू आलं. आलंच. तिनं बघितलं मला हसताना.

मग मीच नियम लिहिला. स्वतः यायचं, स्वतः अंगठा करायचा. लागोपाठ तीन पगारांना जो येणार नाही त्याचं नाव काढायचं, पद रद्द, बजेटातून तेवढी रक्कम कमी. इथं केलं तसंच, वेगळं काय? तिसऱ्या पगाराला नावं काढायची होती. पटांगण भरलेलं, कुणाची हिंमत होईना. मी लाल पेन मामाच्या हातात दिलं आणि म्हटलं, तुझ्या घरापासून सुरुवात कर, मग कुणाला तोंड उघडायला जागा राहणार नाही. मला वाटत होतं मी किती हुशारीचं बोलतेय. ती मला म्हणाली, हे एक राहू दे. पैसे नको, पैसे तू काढून घे, नाव राहू दे. मी म्हटलं, तुला सोडलं तर मी बाकीच्यांना काय सांगू? — बरोबरच होतं ना ते? सांगा, नियमानं बरोबर होतं की नाही? तिनं रेघ ओढली. पट्टी लावून ओढली, क्लार्क होती ना. मग पुढची साठ. सगळ्या देशात मिळून नऊ हजारांच्या वर नावं निघाली. त्या बाया शाळेच्या भिंतीला पाठ लावून नुसत्या बसून होत्या, एकीनंसुद्धा भांडण केलं नाही. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

आणि त्यातून काही झालं नाही असं नाही हां. खरं बजेट झालं, पहिलं, ओळ न् ओळ हिशेबाची. दवाखान्यात औषधं आली, नर्सांचे पगार वेळेवर व्हायला लागले, ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण एक ओळ राहिली. नवरा गेला, मुलगा गेला, तर मागे राहिलेल्या बाईला महिन्याला काय द्यायचं — फॅमिली पेन्शन, जी माझ्या आईला मिळायची. ती तरतूद आधी करायची आणि नावं नंतर काढायची, एवढं साधं होतं. आम्ही नावं आधी काढली. आम्हाला तिकडे नेणारे साहेब म्हणाले, ती ओळ पुढच्या वर्षी घालू, मी म्हटलं बरं. कसं म्हटलं मी बरं? माझे वडील पाटकरी होते, परभणीकडे, कालव्याचं पाणी सोडायला रात्री-अपरात्री जायचे, कालव्यातच गेले. मी अकरा वर्षांची. आईनं मजुरी केली, पण माझी फी, वह्या, वसतिगृह, सगळं त्या पेन्शनीवर. ती ओळ कुणीतरी कधीतरी बजेटात घातली होती म्हणून मी शिकले, म्हणून मी तिथवर पोचले — आणि तिथं जाऊन नेमकी तीच विसरले.

दोन वर्षं अजून काढली मी तिथं. मामा रोज यायची, काम चोख. फक्त डबा वेगळा खायला लागली. आणि पगाराच्या दिवशी नवीन यादी वाचताना, तिच्या मुलाचं नाव जिथं असायचं ना, तिथं थांबायची. यादीत नाव नाही, काही नाही, नुसती एक श्वासभर थांबायची, मग पुढचं नाव. सगळं पटांगण थांबायचं तिच्यासोबत. चोवीस पगार ऐकला मी तो श्वास.

आईला हे कधी सांगितलं नव्हतं. सात वर्षं माझं कौतुक करत फिरायची ती. मागच्या महिन्यात काय झालं कुणास ठाऊक, भाजी निवडत बसलो होतो, सगळं सांगून टाकलं — हसल्याचं सोडून. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'मंग त्या बायांनी काय खाल्लं गं?' मी म्हटलं, आई, पुढच्या वर्षीच्या बजेटात येणार होतं. म्हणाली, 'तू तर पेन्शनीवर वाढलीस की गं, मित्रा.' बस. रागावली नाही. पण त्यानंतर माझ्याशी नीट बोललीही नाही. आठ दिवस, पाणी दे, पंखा लाव, एवढंच. मी म्हटलं, राग जाईल, मग बोलू, बसून सगळं बोलू. आणि नवव्या दिवशी चहा मागितला. — तिला बोलायचं होतं का हो त्या दिवशी? चहा मागताना जरा मऊ आवाज होता तिचा. मला असं वाटतं. मला उगाच तसं वाटतं का?



एक करा. ती यादी घ्या हातात आणि नाव वाचा तिचं, मघाशी दारातून वाचलंत तसं, मोठ्यानं. वेडी नाही झाले मी. वाचा, माझ्यासाठी वाचा.

नाही — मी नाही ओ देणार आता. थांबा जरा. लगेच लिहू नका. एवढंसं थांबा.

हं. लिहा. मयत. आणा इकडे, सही करते. इथंच ना? झालं. चहा गारच झाला तुमचा, असू दे. सहाव्या माळ्यावरच्या शमसुन्निसाबी सकाळपासून मशीनची वाट बघतायत, त्यांना ताटकळत ठेवू नका. जा तुम्ही. पुढचं नाव घ्या, पंढरीभाऊ. घ्या ना पुढचं नाव.