जीपचा धूर बंद केला कायले

...अन् वरून तो धम्मरत्न मलेच म्हणते, "काकू, आता तुमच्या जीपच्या मागं चाललं तरी खोकला येत नाही." अरे बाबा, नाही येत, कबूल, पण मागं चालाले कोणी माणूस तं पायजे ना? जीप रिकामी, रस्ता रिकामा, खोकणार कोण, म्हशी? तुम्हाले सांगते, चांगला भला धूर होता जी आमच्या जीपले. काळा, घट्ट. घाटंजीकडून येताना जीप खिंड चढाले लागली की आभाळात असा उभा राहे की तांड्यातलं शेंबडं पोट्टंही सांगे, रूपसिंगबापूची गाडी आली.

आता तुम्ही म्हणान, ही बाई कोण अन् कोणाच्या धुराचं घेऊन बसली. तं मी रामीबाई. रूपसिंग म्हणजे आमचे हे. जीप आमच्या ह्यायची, पण धूर सगळ्या तांड्याचा होता. कसं आहे, तांडा आमचा आत, फाटा बाहेर, मधात बिडी संपते इतकी वाट, अन् त्या वाटेवर असे खड्डे की जीप फाट्यावरच थांबते. टाइम म्हणान तं टाइम कसला? घाटंजीत भरली की सुटते, नाही भरली तं उभी. फोन करावा तं रेंज फक्त खिंडीच्या माथ्यावर, खाली तांड्यात फोन म्हणजे नुसती बॅटरी, रात्री बाहेर जायच्या कामाची. मग कळावं कसं? धुरानं! धूर दिसला की बसंतीबाई पिशवी उचले, म्हातारे चपला शोधत, सकाळच्या फेरीले मास्तर येत म्हणून पोट्टे बोरीवरून उतरून शाळेत जाऊन पाढे म्हणत, अन् संध्याकाळच्या फेरीले मी तव्यावर भाकर टाकी. भाकर फुगे अन् हे दारात! एवढा हिशोबी धूर, अन् तो बंद केला... कायले?

तं झालं असं, की घाटंजीत एका साहेबानं जीप अडवली. साहेब गाडीच्या मागं उभा राह्यला, आमच्या यायनं जीप चालू केली, अन् साहेब दिसेनासाच झाला म्हणतात. धुरातून नुसता आवाज आला, "ही जीप आहे का वीटभट्टी?" झालं! म्हणे महिन्याभरात धुराचा कागद आणा, पीयूसी, नाहीतं जीप जमा. हे घरी आले अन् जेवलेच नाही. माणूस रोज दोन भाकरीवर तिसरी मागते, अन् त्या दिवशी नुसतं फाट्यावरच्या जीपकडे पाहून राह्यले. जीप गेली तं आम्ही खाऊ काय, स्टेरिंग? 

मिस्त्रीले इचारलं, मिस्त्री म्हणते शहरातल्या गाड्याईले धूर खाणारा एक डबा राहते, त्यात प्लॅटिनम राहते. मी म्हटलं, माह्या कानात पितळ अन् जीपच्या पोटात प्लॅटिनम? जमते काय असं? यायनं माह्या कानाकडे पाह्यलं. पितळच होतं, म्हणून वाचलं.

मग आला धम्मरत्न. धम्मरत्न म्हणजे शेजारच्या गावच्या उकंडाभाऊचा पोरगा. उकंडाभाऊ अन् आमचे हे शाळेत एका बाकावर नापास झालेले, म्हणून घरोबा. पोरगा मात्र हुशार निघाला, यवतमाळच्या कॉलेजात धुरावर अभ्यास करते. मी उकंडाभाऊले म्हटलं, धुरावर कायचा अभ्यास, माह्या चुलीपुढे बस म्हणा दोन दिवस, पास होते. तं तो एक डबा घेऊन आला, आत मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं. म्हणते, "काकू, याच्यात प्लॅटिनम नाही, तांबं अन् मँगनीज आहे, साधे धातू, म्हणून स्वस्त. हा उत्प्रेरक. गाडीचा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. ते याच्यातून गेलं की इथंच पूर्ण जळून जाते."

मी म्हटलं, "अन् हे तुहं औषध? ते संपत असन."

"नाही काकू, तेच तं खास आहे. उत्प्रेरक स्वतः तसाच्या तसा राहते. फक्त दुसऱ्याले जाळून टाकते."

मी म्हटलं, बाप्पा, माही सासूच म्हण ना!

हसू नका. सासू आतच होती.

बसवला डबा. चालू केली जीप. अन् तुम्हाले सांगते, मागं पांढरा रुमाल धरला, रुमाल पांढराच! आमचे हे तं जीपच्या मागं उकिडवे बसून सायलेन्सरमध्ये पाहून राह्यले, जसं धूर आत लपून बसला. अन् मले हाक मारते, "रामी, वास घे, वासच नाही." आता जो नाही तो वास घेऊ कसा मी? पण घेतला. खरंच नव्हता. धम्मरत्नले साखरेचा चहा पाजला. साखर कायले टाकली, असं वाटते आता.

कारण दुसऱ्या दिवशी हे फाट्यावर येऊन उभे, अन् फाट्यावर कोण? कुत्रं. एक. तेही झोपलेलं. यायनं हॉर्न वाजवला. हॉर्न तं ट्रकवालेही वाजवतात, कोण उठते हॉर्नले? थांबले, थांबले, गेले रिकामे. अन् मागून खोकत खोकत सुनीलची जीप. हा सुनील पलीकडच्या गावचा, त्याच्या जीपचा धूर आमच्याइतका काळा नाही, राखाडी आहे, पण आहे ना! त्याचा राखाडी धूर दिसला अन् सगळा तांडा पिशव्या घेऊन पळाला, बसला सुनीलच्या जीपमध्ये. संध्याकाळी बसंतीबाई मलेच म्हणते, "का वो रामी, तुहा नवरा आजारी आहे काय? गाडी नाही दिसली." दिसली नाही! डोळ्यापुढून गेली अन् दिसली नाही. चांगला भला धूर होता जी आमच्या जीपले!

अन् घरचं तं इचारूच नका. मास्तर न सांगता शाळेत, पोट्टे बोरीवर, मास्तर खाली उभा राहून हजेरी घेते, एकेक पोट्टं बोरीवरून "हजर" म्हणते. अन् माहं? संध्याकाळी मी बसंतीबाईच्या ओट्यावर, तिच्या सुनेची गोष्ट अशी रंगली होती, अन् मागून आवाज, "भाकर?" अशी दचकली मी! लग्नाले इतकी वर्षं झाली, पण हा माणूस कधी असा अचानक आला नव्हता. पहिले धूर, मग हा.

हे म्हणे, काढून टाकतो डबा. धम्मरत्न तं रडाले आला. "काका, उद्या कॉलेजचे सर येऊन राह्यले तपासाले. तुमचीच जीप दाखवायची आहे. तपासणीत पास झाली की डबा तुमचा फुकट, पीयूसीचा कागद मी सोबत येऊन काढून देतो. फक्त जीप भरलेली पायजे, चढावर, रिकाम्या गाडीची तपासणी सर मानत नाही." भरलेली! ऐकलं तुम्ही? धूर नाही हे दाखवाले माणसं पायजे, अन् माणसं यायले धूर पायजे. असं शास्त्र कुठं पाह्यलं काय?

हे रात्रभर इकडून तिकडे. कागद नाही तं जीप जमा, जीप भरली नाही तं कागद नाही. सकाळी उठून माह्याकडे पाहाले लागले. मी वळखते ते पाहणं. असं पाह्यलं की माहं काम वाढते.

"रामी," म्हणे, "तू खिंडीवर जाऊन बस. माथ्यावरून रस्ता दिसते. मी दिसलो की धूर कर."

"मी?"

"घमेल्यात गोवऱ्या घे, वरून ओला कडुलिंब टाक. काळा नाही झाला तरी चालते, पण उंच पायजे."

म्हणजे जीपची प्रकृती सुधारली, अन् जीपचं काम माह्याकडे! पण काय करता, चेहरा पाह्यला यायचा... गेली. डोक्यावर घमेलं, काखेत कडुलिंब, पदरात माचीस. सागाच्या झाडामागं बसली. जीप दिसली, पेटवलं. अन् तुम्हाले सांगते, असा धूर झाला! जीपनंही कधी केला नाही असा. मले माहे हात दिसेनात. पण खाली पाह्यलं तं... बसंतीबाई पळून राह्यली, म्हातारे पळून राह्यले, पोट्टे बोरीवरून टपाटप, सगळा तांडा फाट्यावर! जीप अशी भरली की दोघं मागं लोंबकळले. धुराच्या धुरात मी हसली, सांगते तुम्हाले. तोंडात राख गेली, तरी हसली.

जीप भरून घाटंजीकडे परत खिंड चढली. माथ्यावर सर अन् धम्मरत्न मशीनमध्ये मान घालून उभे. सरनं मशीनची नळी सायलेन्सरले लावली, आकडा पाह्यला, चष्मा पुसला, पुन्हा पाह्यला. "धूर नाहीच!" धम्मरत्न उडाला. यायनं देवाले हात जोडले. अन् तेवढ्यात सरची मान वळली. सागाच्या झाडामागून, आभाळापर्यंत...

"मग हा धूर कायचा?"

सर जीपच्या खाली वाकला, चारही बाजूनं फिरला. "पाईप वळवला तुम्ही! धूर दुसरीकडून सोडून राह्यले. धम्मरत्न, हे तुहं संशोधन? अशानं पास करत नाही मी." धम्मरत्न पांढरा पडला. पोराची वर्षाईची मेहनत, अन् आमची जीप, दोन्ही एका घमेल्यावर टेकलेलं.

मी झाडामागून ऐकून राह्यली. बाहेर निघावं तं तोंड असं काळं, न निघावं तं जीप गेली. मी उठाले लागली, तोवर आमचे हेच पुढं झाले. छाती काढून म्हणते, "साहेब, पाईप नाही वळवला. तो धूर गाडीचा नाही. तो आमच्या बाईचा आहे."

सर झाडामागं आला. मी पदर सावरला, नमस्कार केला, तेवढ्यात खोकला आला तं नमस्कार अर्धाच राह्यला. सरनं इचारलं नाही, सांगितलं नाही, माह्या घमेल्यावर मशीनची नळी धरली. आकडा असा चढला, असा चढला, की मशीन बोंबलाले लागली. सर म्हणते, "बाई, तुमच्या नवऱ्याची जीप पास. पण तुम्ही एकट्या तीन ट्रकांएवढ्या."

जीपमधली सगळी माणसं उतरून पाहाले आली मले. बसंतीबाई सगळ्यात पुढं.

अन् आमचे हे, ज्यायच्या कागदासाठी मी राख खाल्ली, ते माह्याकडे पाहतात, मशीनकडे पाहतात, अन् धम्मरत्नच्या खांद्यावर हात ठेवून हळूच इचारतात, "बा, हिलेही बसवता येईन असं काही आहे काय? स्वस्तातलं?"

मी म्हटलं, काय बसवाचं ते बसवा, पण संध्याकाळच्या आत बसवा. परतीच्या फेरीले मलेच यायचं आहे इथं, घमेलं घेऊन.