अक्षरांची थरथर

नाही, नक्की आठवतं असं नाही म्हणता येणार — तीन मिनिटांच्या फिल्मला चार महिने लागले की पाच, वर्कशॉपची भिंत हिरवी होती की मीच नंतर मनात हिरवी करून टाकली — पण तुमच्या प्रदर्शनासाठी तुम्हाला ती थरथरच हवीय ना? ती आठवते. लिहून घ्या. नको, थांबा, आधी ऐका. अक्षरं लाकडाची, चार बोटं जाड, माझ्या थोरल्या भावाने कोरलेली — दादा सुतार, मी प्राध्यापक, आई म्हणायची दोघांत मिळून एक शहाणा झाला असता — आणि ती हलवायचाही तोच. केसभर सरकवायचं, हात मागे घ्यायचा, मी एक फोटो काढायचा, पुन्हा केसभर. असे चोवीस फोटो, तेव्हा कुठे पडद्यावर एक सेकंद. अक्षरं संथ वळायला हवी होती, पाण्यातल्या होडीसारखी. आणि धुऊन आलेली फिल्म बघतो तर काय — सगळी थरथरतायत!

मला वाटलं, दादा पितो. का वाटलं? बोलताना अडखळायला लागला होता, चालताना पाय घासायचा — एवढं शिकून मला तेवढंच सुचलं. चार विद्यार्थ्यांसमोर म्हणालो, "दादा, पिऊन कामाला येत जाऊ नकोस." त्याने हातातला 'ळ' हळूच टेबलावर ठेवला, "बरं, मास्तर," म्हणाला, चपला घातल्या आणि गेला. पुन्हा आला नाही.

नव्याने सगळं करायला वेळ नव्हता, फिल्म तशीच स्पर्धेला पाठवली — आणि परीक्षक म्हणाले, अक्षराला अस्वस्थ मन देणारा प्रयोग! मग मी काय केलं? नाही म्हणालो? छे! त्या थरथरीवर लेख लिहिला, तीस वर्षं ती शिकवली. पोरं आता कॉम्प्युटरवर मुद्दाम अक्षरं थरथरवतात, वर मला विचारतात, सर, जमली का? काय सांगू? तुमच्या पाटीवर 'हेतुपुरस्सर' लिहिलंय ना, तो शब्द काढा. नाही काढता येणार? मग फिल्मच लावू नका. निघा तुम्ही — नाही, बसा, बसा, एक राहिलं. दादा कधी प्यायलाच नव्हता. तो वारल्यावर सहा वर्षांनी वहिनीने त्याचे कागद माझ्या हातात ठेवले, मी स्वतः डॉक्टरांकडे जाऊन तारीख विचारून घेतली — कंपवाताचं निदान, आम्ही पहिला फोटो काढला त्याच्या आठ महिने आधीचं.