दादाच्या दहाव्याला आमदारांनी दिलेला शब्द

चहा होईपर्यंत आमच्या थोरल्या दादाच्या दहाव्याचं सांगतो. मेढ्याकडं त्याला कुणी देव म्हणायचं, कुणी गुंड. वरच्या वाड्यांच्या पाण्यासाठी त्यानं रस्ते अडवले, गाड्या फोडल्या, तुरुंगही पाहिला. जन्मभर त्याला आडवे गेलेले आमदारसुद्धा त्या दिवशी घाटावर आले होते.

पिंडाला काही केल्या कावळा शिवेना. वहिनी म्हणाली, "पोरांना शिकवीन." मी म्हणालो, "आईला सांभाळीन." कावळा फांदीवरच.

मला राहवेना. मी आमदारांचा हात धरून त्यांना पिंडापुढं ओढलं. "आवं सायेब, त्याचा जीव पाण्यात अडकलाय. तुमीच बोला."

"अरं, ही काय जागा हाय व्हय?"

"मग बसा संध्याकाळपातुर."

सगळा घाट त्यांच्याकडं बघत होता. शेवटी त्यांनी हात जोडले. "गड्या, वाड्यांना पाणी देतो. जा आता."

कावळा उतरला आणि घास घेऊन गेला. मी रडतरडत ओरडलो, "दादाचा विजय असो!" अख्खा घाट माझ्यामागं ओरडला.

पुढं काम रेंगाळलं की मी आमदारांना फोन करायचो. "सायेब, दादाचं वर्षश्राद्ध जवळ आलंय. तुमाला यायचं हाय."

पाणी त्याच्या आधीच आलं.