कुत्र्यांच्या शेडची परवानगी

मी सुमन. माझं माहेर राजगुरुनगरच्या पल्याड, घरात म्हशी, शेरडं, जनावरात वाढलेली बाई मी, आन लगीन करून आले ती चाकणला, आमचे हे कंपनीत प्रेस मशीनवर आन मी त्याच कंपनीच्या कँटीनला चपात्या लाटायला. वीस वर्सं लाटल्या. ह्यांनी गावाच्या कडेला ही जागा घिऊन दोन खोल्या बांधल्या, तवा भवती नुसतं गवत व्हतं.

आता हे कुत्र्यांचं कसं लागलं मागं, ते सांगते. कंपनीच्या गेटावर ट्रेलर मागं घेताना एका कुत्रीच्या मागच्या पायांवरनं चाक गेलं, शिफ्ट सुटलेली, एवढी मानसं उभी, कोन हात लावंना. मी पिठाच्या पोत्यात घातली आन आनली घरी. हे म्हनले, सुमे, मरंल ती. न्हाई मेली. पुढच्या दोन पायांवर फरफटत चालायला लागली, आन मग काय सांगू तुमाला ताई, लोकांना घरच सापडलं, कुनी आंधळं आनून सोडतंय, कुनी मोडकं, गेटाला बांधून जातेत. ह्यांनीच मग पत्र्याची शेड मारली. आन शेड झाली त्याच वर्सी हे गेले, छातीत दुखून, दोन तासांत. तवापासनं मी आन ही कुत्री, आता बावीस हायती.

मग शेजारी सोसायटी झाली, सात मजली. खिडक्या सगळ्या शेडवर. तक्रार गेली. खोटी नव्हती हो, भुंकतेत, वास येतो, तिसऱ्या मजल्यावर एक तान्हं बाळ व्हतं ते दचकायचं. नोटीस आली, परवानगी दाखवा न्हाई तर शेड पाडा. नियोजनाच्या हापिसात चार खेपा झाल्या. साहेब म्हनले, बाई, वस्तीला लागून हाय, शेजाऱ्यांची ना हरकत आना. मी म्हनलं, ते कसे देतील, तक्रार त्यांचीच. मग दुसरीकडं हलवा, म्हनले. माहेरी भावाला इचारलं, तिकडं आनू का, तर म्हनला, अक्का, गावात शेरडं हायती, लोक मला उभं करनार न्हाईत. सोडून द्यावं तर रस्त्यावर ट्रेलर. पुढं जाता यीना, मागं यीना.

शेवटी गेले सोसायटीच्या मीटिंगला. चेअरमन टेबलामागं बसलेले. आता हा मानूस, ताई, राहायला आल्या आल्या ह्याच्याच गाडीखाली एक पिवळं कुत्रं आलं, ते ह्यानंच माझ्याकडं आनून टाकलं, रडत व्हता तवा. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी खाली बघितलं. चारचौघात मी त्या पिवळ्या कुत्र्याचं काढलं न्हाई. दुसऱ्या दिवशी आले खाली, म्हनले, काकू, सगळ्यांच्या सह्या घिऊन देतो, पन अटी असतील. मी हात जोडले, म्हनलं, कसल्या बी घाला.

मिळाली परवानगी. नवीन जनावर घ्यायचं न्हाई, आन मालकीन जागेवर कायम पायजे, भुंकलं की गप करायला. बाहेर गेलेली दिसली की परवानगी रद्द. एकदा बँकेत गेले तर लगेच साहेबांचा फोन. बदली मानूस चालंल म्हनले, पन तासाभराच्या वर कोन टिकंना. लेक सांगवीला, बाळंत झाली, नातीचं बारसं मी फोनवर बघितलं, पाळन्याची दोरी दुसऱ्याच बाईच्या हातात. लेक म्हनली, आई, तुला कुत्री मोठी का मी? चेअरमनला बी दोष देत न्हाई, त्यानं मनापासनं केलं. ही सगळी कुत्री म्हातारी होऊन गेली की मी मोकळी, आन ती जावीत असं मला वाटत बी न्हाई.

उन्हाळ्यात आनतील म्हनं नातीला इथं. न्हाई आनलं तरी जिथं असंल तिथं सुखात राहू दे तिला. निघा तुमी आता, शिफ्ट सुटली की रस्ता गच्च होतो. आन जाताना गेटाची कडी बाहेरनं लावा ताई, आतनं बसत न्हाई ती.